तांबडा प्रकाश आणि देहाचे जकातनाके

आषाढातल्या एखाद्या रात्री वीज गेली, घरातल्या वडीलधाऱ्यांनी फळीवरची बॅटरी काढून पेटवली आणि ती मुलांच्या हाती पडली, म्हणजे मुले एक खेळ हमखास करतात: बॅटरीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरतात आणि काळोखात आपली बोटे निखाऱ्यासारखी फुललेली पाहत बसतात. हा खेळ मीही केला आहे, आणि त्या वयात पडलेला प्रश्न पुढे पुष्कळ वर्षे माझ्याजवळ तसाच राहिला. बॅटरीचा उजेड पांढरा. तो हाताच्या या बाजूने आत शिरला, तर त्या बाजूने बाहेर पडताना तांबडाच का व्हावा? बाकीचे रंग वाटेत कुठे राहतात, आणि राहतात ते तिथे काय करतात?

अलीकडे हा प्रश्न नव्या निमित्ताने पुढे आला. आमच्या शेजारच्या सेवानिवृत्त गुरुजींना त्यांच्या मुलाने परगावाहून तांबड्या दिव्यांची एक चौकट पाठवली. ती गुडघ्यासमोर ठेवून रोज बसावे म्हणजे दुखणे हटेल, असा निरोप सोबत होता. गुरुजींनी दोन दिवस प्रयोग केला, तिसऱ्या दिवशी मला बोलावून घेतले आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, हा तर धड गरमसुद्धा होत नाही. मग हा शेक कसला? आणि वर निम्मे दिवे मेलेलेच आलेत." या दोन्ही तक्रारी इतक्या नेमक्या होत्या की त्यांची उत्तरे शोधता शोधता या उपचाराची बहुतेक सारी हकिगत सांगून होते.

शेक आणि प्रकाश

शेक ही आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट आहे. तापवलेल्या विटेचा, तव्यावर गरम केलेल्या मिठाच्या पुरचुंडीचा, रबरी पिशवीचा, असे शेकाचे नाना प्रकार आपण अनुभवलेले असतात; आणि भौतिकोपचार करणाऱ्यांच्या खोलीत जो मोठा लाल दिवा पाठीवर धरतात तोही, रंगाने तांबडा असला तरी, कामाने शेकच होय. त्याच्या उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा ओघ वाढतो आणि आखडलेले स्नायू सैल पडतात. येथे रंग गौण आहे. ऊब मिळाली की काम झाले.

प्रकाशाचे दुसरे एक कार्य मात्र उबेच्या पलीकडचे आहे. खिडकीत ठेवलेल्या कुंडीतले पान उन्हाने तापते, परंतु त्याच वेळी ते आपले अन्नही तयार करीत असते. तीच कुंडी चुलीजवळ ठेवली तर पान तापेल, अन्न मात्र तयार होणार नाही, कारण पानातल्या हरितद्रव्याला ऊब नको असते, प्रकाशाचे ठरावीक किरण हवे असतात. जन्मानंतर काविळीने पिवळ्या पडलेल्या अर्भकाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, तेव्हाही हेच घडते. त्याच्या कातडीत साचलेल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचा रेणू निळा किरण शोषून आपला आकार बदलतो आणि मग तो देहाबाहेर सहज टाकला जातो. ज्या रेणूला जो किरण शोषता येतो, त्याच किरणाने त्याच्यात रासायनिक पालट घडतो. बाकीचे किरण त्याच्या दारावरून निघून जातात.

किरणांची ही जात ओळखण्याचे माप म्हणजे तरंगलांबी. प्रकाश लाटांनी पसरतो. एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचे अंतर ते हे. ते इतके सूक्ष्म असते की त्यासाठी मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, म्हणजे नॅनोमीटर, हे एकक वापरतात. आपल्या डोळ्यांना साधारणपणे ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्यापासून ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापर्यंतचे किरण दिसतात. गुरुजींच्या चौकटीसारख्या उपचारात बहुधा ६३० ते ६७० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश आणि ८१० ते ८५० नॅनोमीटरचा, तांबड्याच्या लगत पण दृष्टीच्या कक्षेबाहेर असलेला निकट-अवरक्त प्रकाश वापरला जातो. गुरुजींचे 'मेलेले' दिवे हे दुसऱ्या जातीचे होते. त्यांच्यासमोर मोबाइलचा कॅमेरा धरला, तेव्हा पडद्यावर ते फिकट जांभळे उजळलेले दिसले आणि गुरुजींची एक तक्रार तेथेच निकालात निघाली.

तीन नाके

आता त्या तळहाताकडे वळू. जुन्या काळी मालाने लादलेली गाडी एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना वाटेत जकातीचे नाके लागत आणि प्रत्येक नाक्यावर काही ना काही द्यावेच लागे. देहात शिरणाऱ्या प्रकाशाचीही हीच गत होते. पहिला नाका त्वचेच्या वरच्या थरातल्या मेलॅनिनचा. ज्या द्रव्याने आपण सावळे किंवा काळे दिसतो ते हे द्रव्य जांभळ्या-निळ्या किरणांकडून जबर वसुली करते आणि तांबड्याकडे जाता जाता आपली मागणी उतरवत नेते. दुसरा नाका रक्तातल्या हीमोग्लोबिनचा. निळे, हिरवे, पिवळे हे सारे किरण येथे जवळजवळ जप्तच होतात. परंतु ६०० नॅनोमीटर ओलांडताच या नाक्यावरची वसुली एकदम ढासळते आणि तांबडा किरण थोडक्यात सुटतो. तिसरा नाका पाण्याचा; त्याची खरी वसुली १००० नॅनोमीटरच्या आसपास व त्यापुढे सुरू होते. रक्ताचा अंमल संपला आहे आणि पाण्याचा पुरता सुरू झालेला नाही, अशी मधली जी पट्टी उरते तिला शास्त्रज्ञ प्रकाशीय खिडकी म्हणतात. हाताच्या पलीकडे येणारा तांबडा उजेड हा त्या खिडकीतून निसटलेला ऐवज आहे.

हा खेळ करताना मुलांना आणखी एक गोष्ट चकवते. तांबड्या बोटांत ज्या काळसर रेषा दिसतात त्यांना ती हाडे समजतात. वस्तुतः त्या शिरा असतात. हाड दिसत नाही, कारण मांसात शिरलेला किरण सरळ चालत नाही. धुक्यात मोटारीच्या दिव्याचा झोत जसा पसरून जातो, तसा तो पेशीपेशीवर आदळून चहूकडे विखुरतो आणि हाडाची सावली पुसून टाकतो. शिरा काळ्या दिसतात, कारण प्राणवायू देऊन परतणारे रक्त तांबडा किरण अधिक शोषते. या एवढ्याशा भेदावर जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४च्या सुमारास एक यंत्र रचले, आणि करोनाच्या साथीत तो बोटाला लावायचा चिमटा आपल्या घरोघर पोहोचला: त्यातला तांबडा किरण सुमारे ६६० नॅनोमीटरचा व अदृश्य किरण ९४० नॅनोमीटरचा असतो, आणि दोघांनी रक्ताच्या नाक्यावर किती जकात भरली याची तुलना करून तो प्राणवायूचा आकडा सांगतो. काळ्या कातडीवर या चिमट्याचा आकडा कधी कधी वाजवीपेक्षा चढा येतो, हेही त्या साथीत ठळकपणे दिसून आले. मेलॅनिनचा नाका किती खरा आहे, याचा याहून प्रत्यक्ष दाखला नको. आणि गोऱ्या कातडीवर ठरवलेली प्रकाशाची मात्रा आपल्या लोकांनी जशीच्या तशी उचलू नये, याचे कारणही हेच.

जकात कमी आहे, याचा अर्थ ती माफ आहे असा मात्र कोणी घेऊ नये. तांबडा प्रकाश मांसात काही मिलिमीटरच टिकून राहतो. निकट-अवरक्त त्याहून थोडा खोल जातो. समजुतीसाठी असे धरू की दर तीन मिलिमीटरला प्रकाशाचा तिसरा हिस्साच पुढे सरकतो. मग नऊ मिलिमीटरवर सत्ताविसावा भाग उरतो आणि पंधरा मिलिमीटरवर २४३ भागांतला एक. कातडीतली जखम, हिरडी, केसांची मुळे ही सारी या प्रकाशाच्या हमरस्त्यावरची गावे आहेत. मांडीच्या स्नायूचा गाभा, यकृत, मेंदूचा अंतर्भाग ही आडगावे. एकाच दिव्याने कातडीपासून यकृतापर्यंत सर्व काही सुधारते, असा दावा कोणी मांडला, तर त्याची रुजवात या गणिताशी घालून पाहावी.

श्वासाचा शेवटचा मुक्काम

नाके ओलांडून जो प्रकाश आत पोहोचला, तो तेथे कोणाच्या हाती पडतो? आपल्या बहुतेक पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म कारखाने असतात. स्नायूंत, हृदयात आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात त्यांची विशेष दाटी असते. खाल्लेल्या अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन येथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकणाऱ्या कागदासारखे हातोहात पुढे जातात, आणि त्यांच्या या प्रवासात मोकळ्या होणाऱ्या शक्तीने हायड्रोजनचे भारित कण पडद्याच्या एका बाजूला कोंडले जातात. कोयनेच्या धरणात कोंडलेले पाणी बोगद्यातून कोसळून जनित्राचे चक्र फिरवते, तसे हे कोंडलेले कण एका प्रथिनाच्या चक्रातून परत धावतात. ते चक्र खरोखरच गरगर फिरते, आणि त्या फिरण्यातून एटीपी हा पदार्थ तयार होतो. एटीपी हे देहाचे चलनी नाणे. कोणत्याही क्षणी देहात त्याचा साठा छटाक-दोन छटाकच असतो, परंतु ते इतक्या झपाट्याने खर्चले जाते व पुन्हा पाडले जाते की दिवसभराची उलाढाल मोजली तर ती माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या घरात जाते.

इलेक्ट्रॉनांच्या त्या रांगेतले शेवटचे टेबल सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराचे. (विकर म्हणजे देहातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.) आपण जो प्राणवायू छातीत भरून घेतो, त्याचा बहुतांश या टेबलावर येऊन संपतो: इलेक्ट्रॉन त्याच्या स्वाधीन केले जातात आणि त्याचे पाणी होते. श्वासाचा शेवटचा मुक्काम तो हा. सायटोक्रोम या नावाचा अर्थच मुळी 'पेशीतला रंग'. केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी माश्यांच्या उड्डाण-स्नायूंतून प्रकाश पाठवून, त्यातले कोणते रंग गिळले जातात ते पाहिले आणि १९२५ साली या रंगीत द्रव्यांना हे नाव दिले. सायटोक्रोम ऑक्सिडेजमध्ये लोह आणि तांबे हे दोन्ही धातू असतात, आणि तांबडा व निकट-अवरक्त प्रकाश काही अंशी शोषून घेण्याचे सामर्थ्य त्याला त्यांच्यामुळेच येते.

खुर्ची अडवून बसलेला वायू

पेशी आजारी पडली, तिचा रक्तपुरवठा तोकडा झाला किंवा ती जखमी झाली, म्हणजे तिच्यात नायट्रिक ऑक्साइड हा वायू वाढतो आणि प्राणवायूने यावे त्या जागी तो स्वतः ठाण मांडतो. कचेरीत अर्जदारांची रांग लागावी आणि कारकुनाच्या समोरची खुर्ची भलत्यानेच अडवून ठेवावी, तशी अवस्था होते. मागचे सारे काम तुंबते, कण कोंडले जात नाहीत, चक्र मंदावते. तांबड्या प्रकाशाचा कण या विकराने शोषला की नायट्रिक ऑक्साइडची पकड सुटते, खुर्ची मोकळी होते आणि प्राणवायू पुन्हा आपल्या जागी येतो, अशी या उपचारामागची प्रमुख उपपत्ती आहे. सोव्हिएत रशियात टीना कारू यांनी निरनिराळ्या तरंगलांबींना पेशी कशी साद देतात ते बारकाईने मोजून प्रकाशाचा संबंध याच विकराशी जोडला.

प्रकाशाने वायूला खुर्चीवरून उठवावे, ही कल्पना आज ऐकताना नवी वाटते. परंतु तिची जातकुळी जुनी आहे. ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये यीस्टच्या पेशींना कार्बन मोनॉक्साइड देऊन त्यांचा श्वसनव्यापार रोखला आणि नंतर त्यांच्यावर प्रकाश सोडला. अंधारात थांबलेले श्वसन उजेडात पुन्हा सुरू झाले. कोणत्या रंगाने ते अधिक सुरू होते हे मोजून त्यांनी श्वसनाच्या त्या विकराचे स्वरूप ताडले, आणि १९३१चे नोबेल पारितोषिक त्यांना या विकरावरील कार्यासाठीच मिळाले. विज्ञानातल्या प्रयोगांपैकी काही प्रयोग मला कवितेसारखे वाटतात. त्यांत याची गणना मी फार वर करतो.

तरीही ही उपपत्ती म्हणजे अखेरचा निवाडा नव्हे. ज्या पेशींतून हे विकर मुद्दाम काढून टाकले होते, त्यांनीही तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद दिल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे, तेव्हा प्रकाश झेलणारे आणखीही कोणी असले पाहिजे. एवढे मात्र निश्चित की दिवा विझल्यावरही परिणाम काही तास, क्वचित काही दिवस टिकतो, आणि त्याचे कारण केवळ वाढीव एटीपी हे नव्हे. विकराचे काम सुरू होताना प्राणवायूचे काही उग्र, चंचल रेणू अल्प प्रमाणात बाहेर पडतात. ते जासुदासारखे पेशीच्या केंद्रकापर्यंत खबर पोहोचवतात आणि तेथे दुरुस्तीची, वाढीची, दाह शमवण्याची जनुके जागी होतात. निरोगी पेशीत खुर्ची बहुधा मोकळीच असते, म्हणून तिच्यावर हा प्रकाश फारसा काही करताना दिसत नाही. अडलेल्या पेशीवर तो अधिक दिसतो.

मुंडन केलेले उंदीर

हे सारे उमगण्यापूर्वी उपचार हाती लागला तो एका फसलेल्या प्रयोगातून. १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण काढला. बुडापेस्टचे शल्यचिकित्सक एन्द्रे मेस्तेर यांना, १९६७च्या सुमारास, त्याने गाठी जाळता येतात का ते पाहायचे होते. त्यांचा लेसर मानलेल्यापेक्षा फार दुबळा होता. गाठींवर काडीचाही परिणाम झाला नाही. परंतु प्रयोगासाठी उंदरांच्या पाठीचे जे केस भादरले होते, ते लेसर पडलेल्या ठिकाणी इतरांपेक्षा लवकर उगवले. मेस्तेर यांनी ही बारीकशी विसंगती टाकून दिली नाही, आणि पुढे बऱ्या न होणाऱ्या जखमांवर त्यांनी या मंद किरणाचा उपयोग करून पाहिला. नंतर लेसरच्या जोडीला स्वस्त एलईडी दिवे आले. लेसरच्या लाटांची जी शिस्तबद्ध चाल असते ती मांसात विखुरताना बव्हंशी मोडतेच, म्हणून पुष्कळ कामांना साधा एलईडीही पुरतो असे दिसून आले.

चौकट: मात्रेचा हिशेब
वॅट म्हणजे नळाची धार; ज्यूल म्हणजे घागरीत साचलेले पाणी. दिव्याचा प्रकाश त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर ५० मिलिवॅट या धारेने पडत असेल, तर १०० सेकंदांत ५ ज्यूल साचतात. भर दुपारचे ऊन सर्व किरण मिळून सुमारे १०० मिलिवॅटचे असते. दिवा दूर सरकवला की धार बारीक होते व वेळ वाढवावा लागतो. वरवरच्या पेशींसाठी बहुतेक प्रयोगांत काही थोडे ज्यूलच वापरलेले असतात.

घागर भरली की

गुरुजींना मी विचारले की आपण रोज किती वेळ बसता. "तास-सव्वा तास," ते म्हणाले, "गरम होत नाही ना, मग जास्त वेळ बसलेले बरे." येथेच बहुतेकांची गफलत होते. या उपचारात मात्रा वाढवत नेली की गुण प्रथम वाढतो, एका टप्प्यावर थांबतो आणि पुढे घटत जाऊन शून्यावर, प्रसंगी उलटही येतो. कारण ते जासूद रेणू मूठभर आले तर खबर देतात, झुंडीने आले तर घरच लुटतात. अनेक चाचण्या निष्फळ ठरल्या त्यांत मात्रा फार थोडी असण्याइतकीच ती फार अधिक असण्याचाही दोष होता, असे मला वाटते. आणि दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा प्रथम त्यांच्या घागरी मोजून पाहाव्यात.

हा किरण पेशीच्या जनुकांना अतिनील किरणासारखा थेट मोडत नाही, कारण ६६० नॅनोमीटरच्या प्रकाशकणात ४०० नॅनोमीटरच्या कणाच्या सुमारे साठ टक्केच शक्ती असते. डोळ्यांबाबत मात्र हयगय नको. अदृश्य किरणाने बाहुली आकसत नाही, तेव्हा डोळ्याला आपला दरवाजा लोटून घेता येत नाही. चीनमध्ये मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून डोळ्यांत तांबडा प्रकाश सोडण्याची उपकरणे निघाली. त्यांचा लाभ काही चाचण्यांत दिसला खरा, परंतु एका बारा वर्षांच्या मुलीच्या दृष्टिपटलाला त्यामुळे इजा झाल्याचेही २०२३ साली प्रसिद्ध झाले. प्रकाशाने कातडी चटकन भाजावी अशी औषधे जे घेतात, किंवा जेथे दिवा धरायचा तेथेच ज्यांना गाठ आहे, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून हे करू नये.

कोठे किती गुण

केसांसाठी कंगव्याच्या आकाराच्या एका लेसर उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली विक्रीची मुभा दिली. आनुवंशिक टकलावर त्याचा माफक गुण दिसतो. लंडनमध्ये ग्लेन जेफ्री आणि सहकाऱ्यांनी चाळिशीपलीकडच्या माणसांना ६७० नॅनोमीटरचा मंद प्रकाश तीन मिनिटे दाखवला, तेव्हा त्यांची रंगभेद ओळखण्याची शक्ती काही प्रमाणात सुधारली, आणि हा परिणाम सकाळी मिळाला, दुपारी नाही. पण ही माणसे मोजकी होती. गुडघ्याच्या संधिवातावर काही चाचण्यांत वेदना कमी झाल्या, काहींत झाल्या नाहीत. गुडघ्यावर मांसाचा थर पातळ असतो एवढी त्या सांध्याची सोय; पण कुर्चेच्या आतल्या भागापर्यंत पोहोचताना पुष्कळ जकात भरावी लागतेच. गुरुजींनी आता वेळ दहा मिनिटांवर आणला आहे, दिव्याचे अंतर ते फूटपट्टीने मोजतात, आणि भौतिकोपचाराच्या बाईंनी शिकवलेला मांडीचा व्यायाम त्यांनी सोडलेला नाही. दुखणे कमी झाले ते कशाने, हे त्यांना सांगता येत नाही आणि मलाही येत नाही.

जेथे पुरावा सर्वांत भक्कम आहे ती जागा तोंडाच्या आत आहे. तंबाखूने ज्यांच्या तोंडाला किंवा घशाला कर्करोग झाला, अशा रुग्णांची संख्या आपल्याकडे किती मोठी आहे हे सांगायला नको. किरणोत्सर्गाचा उपचार सुरू झाला की काही आठवड्यांत त्यांच्या तोंडाचे अस्तर सोलून निघते, जिभेवर चट्टे पडतात, आणि पाण्याचा घोटही निखाऱ्यासारखा लागतो. पुष्कळांना नाकातून नळी घालावी लागते. काहींचा मूळ उपचारच मध्ये तहकूब करावा लागतो. मणिपाळच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात हीलियम-निऑन लेसरचा ६३२.८ नॅनोमीटरचा तांबडा किरण अशा रुग्णांच्या तोंडात ठिकठिकाणी धरून चाचणी घेतली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ज्यांना हा किरण दिला त्यांच्या तोंडातले तीव्र चट्टे आणि वेदना इतरांपेक्षा कमी आढळल्या. ब्रिटनमध्ये उपचारांची छाननी करणाऱ्या 'नाइस' या संस्थेनेही २०१८ साली तोंडाच्या या व्याधीसाठी तो वापरण्यास अनुकूल निर्णय दिला.

तेथे तो का चालतो हे आता सहज ध्यानी येईल. गालाच्या आतले अस्तर पातळ आणि ओले असते, त्यावर कातडीसारखे जाड आवरण नसते, मेलॅनिनही थोडेच. जखमी पेशी अगदी पृष्ठालगत असतात आणि त्या खरोखर अडलेल्या असतात. किरणाला द्यावी लागणारी जकात तेथे सर्वांत कमी. रोज किरणोत्सर्गाच्या टेबलावर जाण्यापूर्वी परिचारिका रुग्णाला आ करायला सांगते, काडीएवढ्या नळीचे टोक गालावर, ओठाच्या आत, जिभेच्या कडेला मोजून काही सेकंद टेकवते, आणि रुग्णाच्या गालातून बाहेर तो बॅटरीच्या खेळातला तांबडा उजेड क्षणभर फुललेला दिसतो.